फाटकाबाहेर पडलेला वसंत

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेनं आणलेले पिटुनिया अजून टवटवीत आहेत, तोच पारा चढल्याच्या बातम्या आल्या. आता फेब्रुवारीचा भरवसा राहिलेला नाही. २०२३चा फेब्रुवारी तर देशाच्या सरासरी कमाल तापमानात १९०१पासूनचा सर्वांत तापलेला ठरला होता. बर्फाच्या देशात वसंताआधी माती जागी करतात, आपल्याला ती भाजण्यापासून वाचवायची असते. पंचांगातला वसंत चैत्रात उजाडेल, तेव्हा गच्चीच्या फरशीवर दुपारी अनवाणी पाय ठरणार नाही.

तेव्हा कामं आत्ताच उरकायची. मोगऱ्याचं पाणी आठवडाभर तोडा, पानं ओरबाडून फांद्या छाटा, मग शेणखत घालून भरपूर पाणी द्या. गुलाबावर मात्र कात्री चालवू नका, त्याची मोठी छाटणी ऑक्टोबरातली. आता फक्त सुकलेली फुलं काढा. शेवंतीचे मुनवे वेगळे करून सावलीत लावा. भेंडी, गवार, काकडीचं बी टोचून घ्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा.

पण खरी तयारी नर्सरीत विकत मिळत नाही. ती फाटकाबाहेर पडली आहे. याच दिवसांत पानगळ होते आणि सोसायट्या ते सोनं सकाळी झाडून संध्याकाळी पेटवतात. उघड्यावर असा कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे. धूर मात्र नेमानं येतो. मग तीच माणसं प्लास्टिकच्या पिशवीतलं कोकोपीट विकत आणतात!

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी बागेकडेही हिशेबाच्या नजरेनं पाहिलं. चौरस फूटभर पानावर दिवसभरात किती ऊन पडतं आणि त्यातून झाड किती वस्तुमान बांधतं, हा त्यांचा प्रश्न. सुकलेलं पान म्हणजे साठवलेलं ऊन, ते जाळणं म्हणजे मुद्दल फुंकणं. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त साधे शेतकरी आपापल्या रानात प्रयोग करत आणि एकमेकांना सांगत. हा हिशेब कुंडीलाही लागू पडतो.

कुंडीतल्या मातीवर पानांचा तीन-चार बोटं जाड थर द्या, खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवा. आच्छादनाखालची माती थंड राहते, पाणी कमी उडून जातं आणि पानं कुजून खतही होतं. उरलेली पानं जाळीच्या पिंपात दाबून थोडं शेण कालवलेलं पाणी शिंपडा, ओल टिकवा. पुण्यात ‘ब्राउन लीफ’सारखे उपक्रम नको असलेली पानं हवी असणाऱ्यांपर्यंत पोचवतात. पण त्यासाठी कुणाची वाट कशाला पाहायची? उद्या सकाळी रिकामं पोतं घेऊन खाली उतरा आणि झाडणाऱ्या मावशींना सांगा, ‘ढीग पेटवू नका, मी नेतो.’ त्यांचंही काम हलकं होईल.