जॉइंट क्रॉस बदलताना

गिअर टाकताच गाडीखालून ‘टक्’ आवाज येतो, वेगात कंप जाणवतो? बोलेरो, जीपसारख्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट क्रॉस झिजल्याचे हे लक्षण असू शकते.

गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर खुणा करा. जोड चुकीच्या कोनात बसला, तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरेल.

लॉक काढून क्रॉसच्या टोकांवरचे जुने कप व्हाइसमध्ये दाबून बाहेर काढा. नवा कप बसवताना आतल्या बेअरिंगची एखादी बारीक सुई आडवी पडली, तर कप पुरता बसत नाही. अशा वेळी हातोडा मारू नका, कप काढून पाहा. शेवटी लॉक खाचेत बसले आहेत आणि क्रॉस हाताने मोकळा फिरतो, याची खात्री करूनच शाफ्ट चढवा.