गाडीच्या ‘डब्या’ला हात लावण्यापूर्वी

पूर्वी डिझेल इंजिन ओढेनासे झाले की मिस्त्री पंपाचा स्क्रू थोडा फिरवी, आणि धूर काळा झाला की परत मागे घेई. सारा हिशेब कानाचा आणि डोळ्याचा. आता तो हिशेब एका बंद डब्यात गेला आहे. त्याला ‘ईसीयू’ म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक नियम लागू झाले. त्यामुळे हा डबा आपल्या गोठ्याशेजारीही येऊन उभा राहिला आहे. त्याबरोबरच ‘लॅपटॉप लावून पॉवर वाढवून देतो’ असे सांगणारेही आले. म्हणून या डब्याची ओळख घरातल्या सर्वांनी करून घेणे बरे.

डबा काम कसे करतो?

इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर असतात. कोणी फेरे मोजतो, कोणी पाण्याचे तापमान, कोणी आत येणारी हवा, तर कोणी डिझेलचा दाब. या खबरा घेऊन डबा आपल्या तक्त्यात पाहतो. जमिनीचा भाव पाहायला जसा रेडी रेकनर, तसाच हा तक्ता. इतके फेरे, इतका भार, तर डिझेल इतके आणि अमुक क्षणी. हा निर्णय तो सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतो.

ही विद्या जुनीच आहे. १९७९ साली जर्मनीत बॉश कंपनीचा, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारा डबा बीएमडब्ल्यूच्या मोटारीत बसला. १९९७ साली अल्फा रोमिओच्या मोटारीत कॉमन रेल डिझेल आले. त्यात डिझेलचा दाब १३५० बारपर्यंत जाई. मोटारीच्या चाकात हवा दोन-अडीच बारच असते, यावरून कल्पना यावी. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बंद सिलिंडर शोधण्यासाठी चालू इंजिनाचा नोझलचा नट सैल करण्याची जुनी रीत इथे कधीही वापरू नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमवायची वेळ येऊ शकते. असे झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

आजार रेड्याला, औषध पखालीला

गाडीचा दम गेला, दिवा लागला की ‘डबा गेला’ असे सांगितले जाते. खरे पाहता डबा क्वचितच जातो. दुखणे बहुधा बाहेर असते. उंदरांनी कुरतडलेली वायर, धुताना कनेक्टरमध्ये गेलेले पाणी, गंजलेली अर्थिंग, मेलेली बॅटरी ही नेहमीची कारणे.

स्कॅनर लावला की कोड येतो. कोड म्हणजे तक्रार अर्ज, निकाल नव्हे. ‘पी ००८७’ म्हणजे डिझेलचा दाब कमी. कारण साधा तुंबलेला फिल्टरही असू शकतो, मग महागडा पंप आधी का बदलावा? ‘पी ०३३५’ म्हणजे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटची तक्रार. स्टार्टर फिरतो पण इंजिन लागत नाही, तेव्हा तो सेन्सर आणि त्याची वायर आधी तपासावी. अनेक सेन्सरांचे कोड एकदम आले तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असे समजू नये. त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक असतो. एक सेन्सर शॉर्ट झाला की बाकीचेही खोटे बोलू लागतात. एकेकाचे कनेक्टर काढून पाहिले की चोर सापडतो.

बहुतेक गाड्यांत डबे एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमध्ये मीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसावे. १२० दिसले तर कुठेतरी तार तुटली आहे असे समजावे.

ट्रॉलीचे किंवा गाडीचे वेल्डिंग करताना बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवावे, नाहीतर धड डबाही जायचा.

तक्ता बदलणे म्हणजे काय?

ट्यूनिंगवाला तक्त्यातले आकडे वाढवतो. डिझेल जास्त, टर्बोचा दाब जास्त, धुरावरची मर्यादा सैल. ओढ वाढते हे खरे. पण उष्णताही वाढते. पिस्टन, टर्बो, क्लच कंपनीने ज्या भारासाठी घडवले, त्यापुढे त्यांची परीक्षा सुरू होते. काजळी वाढली की सायलेन्सरमधला गाळणीचा भाग लवकर तुंबतो.

कामातही धोके आहेत. मूळ नोंद वाचून जपून ठेवल्याशिवाय नवी लिहू नये. लिहिताना बॅटरीचा दाब पडला तर डबा अर्ध्यावर मूर्च्छित होतो. खतावणीच्या पानाखाली बेरीज असते, तशी डब्यातही असते. आकडे बदलून बेरीज जुळवली नाही तर इंजिन लागतच नाही.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नमुन्याविरुद्ध फेरबदल करता येत नाहीत. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यावरही पाणी पडू शकते. फोक्सवॅगनसारख्या बड्या कंपनीनेही डब्यात लबाडी केली होती. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचा. २०१५ साली ते उघडकीस आले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होते. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. गाडी अंगणात सुरू होते तेव्हा तो धूर घरातली मुलेच घेतात.

मग करावे काय?

ओढ कमी वाटली तर आधी हवेचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर, टर्बोच्या नळ्या, टायरची हवा आणि ब्रेक धरून राहतात का, हे पाहावे. मग बॅटरी व अर्थिंग. त्यानंतर स्कॅनर. कोड कागदावर लिहून घ्यावा आणि कोणता भाग कशावरून बदलायचा, हे मिस्त्रीला विचारावे. जुना भाग परत मागून घ्यावा. हप्ते अजून फिटायचे असतील आणि माल रोज बाजारात न्यायचा असेल, तर तक्ता कंपनीचाच राहू द्यावा.