गर्भाशयबाह्य गर्भधारणा

फलित बीजाचे रोपण गर्भाशयाच्या पोकळीतील नेहमीच्या जागी न होता अन्यत्र झाल्यास त्या अवस्थेस गर्भाशयबाह्य गर्भधारणा किंवा अस्थानी गर्भधारणा असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ती 'एक्टोपिक प्रेग्नन्सी' या नावाने ओळखली जाते. एकूण गर्भधारणांपैकी साधारण १ ते २ टक्के गर्भधारणा या प्रकारच्या असतात. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत होणाऱ्या मातामृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे.

स्थान

सुमारे ९० टक्क्यांहून अधिक अस्थानी गर्भ बीजवाहिनीत रुजतात. म्हणूनच बोलीभाषेत 'नळीत गर्भ राहणे' असा शब्दप्रयोग केला जातो. बीजवाहिनीचा मधला रुंद भाग हे सर्वाधिक आढळणारे स्थान होय. अंडाशय, गर्भाशयमुख, उदरपोकळी आणि पूर्वीच्या सिझेरियन शस्त्रक्रियेचा व्रण ही तुलनेने दुर्मीळ स्थाने आहेत. बीजवाहिनीची भिंत पातळ असून ती गर्भाशयाप्रमाणे ताणली जात नाही. गर्भ वाढू लागला की ती फाटून पोटात मोठा रक्तस्राव होऊ शकतो. असा गर्भ काढून गर्भाशयात रुजवण्याचे कोणतेही तंत्र उपलब्ध नाही.

जोखमीचे घटक

बीजवाहिनीला इजा होणे किंवा तिच्या आतील सूक्ष्म केसलांची हालचाल मंदावणे हे बहुतेक कारणांमागील समान सूत्र आहे. प्रमुख घटक पुढीलप्रमाणे :

• पूर्वी झालेली गर्भाशयबाह्य गर्भधारणा
• बीजवाहिनीवर किंवा ओटीपोटात झालेली शस्त्रक्रिया
• क्लॅमिडिया व परमा यांसारख्या लैंगिक संसर्गांमुळे आलेला जननमार्गाचा दाह
• जननेंद्रियांचा क्षयरोग
• वंध्यत्व आणि कृत्रिम गर्भधारणेचे उपचार
• धूम्रपान
• पस्तिशीनंतरचे वय

तांबी बसवल्याने किंवा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेने गर्भधारणेचीच शक्यता फार कमी होते. त्यामुळे अस्थानी गर्भाचा एकूण धोकाही घटतो. मात्र ही साधने अयशस्वी ठरून गर्भ राहिलाच, तर तो गर्भाशयाबाहेर असण्याचे प्रमाण वाढते. भारतात स्त्री-नसबंदी हा कुटुंबनियोजनाचा सर्वाधिक प्रचलित मार्ग आहे. 'शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणजे दिवस राहणे शक्य नाही' असे गृहीत धरल्यास निदानास उशीर होण्याचा धोका असतो. सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये जोखमीचा कोणताही घटक आढळत नाही.

लक्षणे

लक्षणे सामान्यतः गर्भारपणाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. पाळी चुकणे, ओटीपोटात दुखणे आणि योनिमार्गातून थोडा रक्तस्राव होणे ही नेहमीची लक्षणे होत. हा रक्तस्राव अनेकदा पाळी किंवा गर्भपात समजला जातो. पोटात साचलेल्या रक्तामुळे मध्यपटल उद्दीपित होऊन खांद्याच्या टोकाशी वेदना जाणवू शकते. घेरी येणे, अंग थंड पडून घाम सुटणे व नाडी जलद होणे ही नळी फुटल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

गर्भपाताच्या गोळ्यांनी अस्थानी गर्भ नष्ट होत नाही. गोळ्यांनंतर रक्तस्राव झाला, तरी नळीतील गर्भ वाढत राहू शकतो. त्यामुळे वैद्यकीय सल्ल्याविना या गोळ्या घेणे धोक्याचे ठरते.

निदान

प्रजननक्षम वयातील स्त्रीला पोटदुखी किंवा अनियमित रक्तस्राव होत असल्यास प्रथम लघवीची गर्भचाचणी केली जाते. ती होकारार्थी आल्यास योनिमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ कोठे आहे ते पाहिले जाते. केवळ गर्भाशय रिकामे दिसल्यावरून निदान निश्चित होत नाही. गर्भ अगदी लहान असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी रक्तातील एचसीजी या संप्रेरकाची पातळी ४८ तासांच्या अंतराने मोजतात. सुरुवातीच्या सामान्य गर्भारपणात ही पातळी या काळात बहुधा निम्म्याने तरी वाढते. ती त्याहून मंद गतीने वाढत असल्यास, किंवा पातळी ३,५०० एककांच्या वर असूनही गर्भाशयात गर्भपिशवी दिसत नसल्यास, गर्भ अस्थानी असण्याचा किंवा गर्भपात होत असल्याचा संशय बळावतो. काही रुग्णांत दुर्बिणीद्वारे पोटाची तपासणी करावी लागते.

उपचार

उपचाराची निवड रुग्णाची स्थिती, गर्भाचा आकार आणि एचसीजीची पातळी यांवर अवलंबून असते.

निरीक्षण : पातळी कमी असून ती आपोआप घटत असेल आणि वेदना नसतील, तर नियमित तपासण्या करत वाट पाहता येते.

औषधोपचार : नळी फुटलेली नसल्यास व प्रकृती स्थिर असल्यास मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देतात. हे औषध फॉलिक आम्लाचे कार्य रोखून पेशींची वाढ थांबवते. म्हणून उपचारकाळात फॉलिक आम्लाच्या गोळ्या व मद्य टाळावे लागते. चौथ्या ते सातव्या दिवसांदरम्यान पातळी किमान १५ टक्के घटणे हे औषध लागू पडल्याचे लक्षण मानले जाते. पातळी शून्यवत होईपर्यंत तपासण्या चालू ठेवतात, कारण या काळातही नळी फुटू शकते.

शस्त्रक्रिया : दुर्बिणीद्वारे किंवा पोट उघडून बाधित नळी काढली जाते, क्वचित नळीला छेद देऊन केवळ गर्भ काढतात. नळी फुटलेली असल्यास तातडीची शस्त्रक्रिया व बहुधा रक्त देणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो.

इतिहास

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक रॉबर्ट लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये फुटलेली बीजवाहिनी काढून रुग्ण स्त्रीचे प्राण वाचवले. त्याआधी नळी फुटणे बहुधा प्राणघातकच ठरत असे. १९८२ मध्ये जपानमधील वैद्यांनी या विकारावर मेथोट्रेक्सेटचा वापर केल्याचे प्रसिद्ध झाले.

पुढील गर्भधारणा

एक नळी काढल्यानंतरही दुसरी निरोगी असल्यास नैसर्गिक गर्भधारणा शक्य असते. पुनरावृत्तीची शक्यता मात्र सुमारे १० टक्के असते. त्यामुळे पुढच्या वेळी पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करून गर्भाचे स्थान निश्चित करून घेतले जाते.