डिस्चार्ज मिळाला, पण जायचं कुठे?

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी ठरलेल्या सूचना असतात. पाय उंचावर ठेवा, जखम कोरडी ठेवा, आठ दिवस पूर्ण विश्रांती. घर असलेल्याला त्यात काही अवघड नाही. पण जो फूटपाथवरच राहतो त्याने पाय कशावर ठेवायचा? इन्सुलिन कोणाच्या फ्रिजमध्ये ठेवायचं? लघवी वाढवणारी गोळी घेतली, तर रात्रीतून चार वेळा उठून जायचं कुठे? अशा माणसाचा आजार वॉर्डात निम्मा उतरतो आणि रस्त्यावर पुन्हा चढतो.

डॉ. जॅनेल गोचेस यांनी हे वॉशिंग्टनमध्ये रोज पाहिलं. त्या आणि त्यांचे पती खरं तर मिशनरी म्हणून पाकिस्तानात जायचे होते. व्हिसा लांबला, दरम्यान त्यांनी आपल्याच देशाच्या राजधानीतली गरिबी पाहिली, आणि 1976 मध्ये ते तिथेच राहायला आले. ‘चर्च ऑफ द सेव्हियर’ या लहानशा पण कामाला वाघ असलेल्या मंडळीशी ते जोडले गेले. दवाखाना सुरू झाला. पण दवाखान्यातून औषध घेऊन रुग्ण परत थंडीतच जायचा. म्हणून कोलंबिया रोडवरच्या एका इमारतीत 34 खाटांचं ‘ख्राइस्ट हाउस’ उभं राहिलं. पहिले रुग्ण आले ते 1985 च्या नाताळच्या आदल्या रात्री. हे इस्पितळ नव्हे आणि नुसता रात्रनिवाराही नव्हे. इस्पितळाने सोडलेला, पण रस्त्यावर झोपण्याइतका बरा न झालेला माणूस इथे बरा होईपर्यंत राहतो. गोचेस आपल्या मुलांसह त्याच इमारतीत राहायला गेल्या. सेवेचे तास संपले की घरी जायची सोयच त्यांनी ठेवली नाही.

दाराशी ख्रिस्ताचा पुतळा आहे. क्रुसावरचा नाही, गुडघे टेकून, पाय धुण्याचं पात्र घेऊन बसलेला. वसईच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू लोकांचे पाय धुतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या पुतळ्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मात्र इथे तो निव्वळ विधी नाही. रस्त्यावरचा माणूस रात्री बूट काढत नाही, कारण सकाळी ते जागेवर नसतात. बसून झोपल्याने पायांत पाणी उतरतं. ओला मोजा दिवसेंदिवस तसाच राहतो, आणि काढताना कातडी सोबत घेऊन येतो. त्यात मधुमेह असेल तर चिघळलेलं बोट कळतही नाही. बॉस्टनमध्ये 1985 च्याच सुमारास डॉ. जिम ओ’कॉनेल बेघरांच्या निवाऱ्यात कामाला आले, तेव्हा तिथल्या अनुभवी नर्सनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून आधी पाय धुवायला बसवलं होतं. कोमट पाण्यात पाय सोडून बसलेला माणूस हळूहळू बोलू लागतो. शिवाय तो खुर्चीवर असतो आणि डॉक्टर त्याच्या पायाशी. आजवर त्याच्याशी सगळे वरूनच बोललेले असतात.

हे सगळं गोड गोड नाही. ख्राइस्ट हाउसमध्ये काम केलेले डॉ. डेव्हिड हिलफिकर यांच्या 1994 च्या पुस्तकाचं नावच ‘नॉट ऑल ऑफ अस आर सेंट्स’ आहे, म्हणजे आपण सगळेच काही संत नव्हे. बरा होऊन गेलेला माणूस पुन्हा दारूकडे वळतो, पुन्हा तसाच दारात येतो. चीड येते. हिलफिकर ती लपवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

आपल्याकडचा वाचक विचारणारच : यात धर्मांतर किती? प्रश्न गैर नाही. ख्राइस्ट हाउसमध्ये प्रार्थना होते, पण खाटेसाठी धर्माची अट नाही. माझी कसोटी साधी आहे : प्रार्थनेला न आलेल्याचंही ड्रेसिंग तितक्याच काळजीने बदललं जातं का?

हिशेबाची भाषा हवी असेल तर तीही आहे. शिकागोतल्या अशाच एका घराबद्दलचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे राहून गेलेल्यांचे पुढच्या वर्षभरात इस्पितळात सरासरी 3.7 दिवस गेले. जागा न मिळालेल्यांचे 8.3. आज अमेरिकेत अशी शंभराहून अधिक केंद्रं आहेत.

परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर गाठोडी घेऊन बसलेले रुग्ण मुंबईकराला नवे नाहीत. त्यांच्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. मुळात तेही हेच उत्तर. पनवेलजवळचा ‘सील आश्रम’ ही ख्रिस्ती संस्थाही मुंबईच्या रस्त्यांवरून आजारी, निराधार माणसं उचलून नेते. शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून ठेवलं आहे. तुमच्या भागातला निवारा कुठे आहे ते शोधा, आणि प्लॅस्टरमधला पाय घेऊन आलेल्या माणसाला तिथे दिवसाही झोपू देतात का, एवढं एकदा विचारून या.