सूर्याची खरखर ऐकणारी बाई

जुन्या रेडिओचा काटा शॉर्टवेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे अडकला की खरखर सुरू व्हायची आणि घरातलं कुणीतरी ओरडायचं, 'अरे, नीट लाव तो!' त्या खरखरीत थोडा वाटा आभाळाचाही असतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. ही आभाळाची खरखर मुद्दाम कान देऊन ऐकणारी एक बाई ऑस्ट्रेलियात होऊन गेली. रूबी पेन-स्कॉट हे तिचं नाव. रेडिओवर बोलताना तिची आठवण काढावी, असं फार दिवस मनात होतं.

रूबीबाईंचा जन्म १९१२चा. सिडनी विद्यापीठात त्या भौतिकशास्त्र शिकल्या, काही काळ शाळेत शिकवलं, मग एका वायरलेस कंपनीत गेल्या. महायुद्ध पेटलं आणि १९४१मध्ये सरकारी प्रयोगशाळेत रडारच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटातून अगदी क्षीण इशारा कसा वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. युद्ध संपलं, शत्रूची विमानं गेली. पण हे कसब हातात राहिलं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अँटेना सूर्याकडे वळवली.

सिडनीजवळ डोव्हर हाइट्स इथे समुद्राला लागून उंच कडा आहे. कड्यावर युद्धकाळातली रडारची अँटेना होती. २६ जानेवारी १९४६च्या पहाटे समुद्रातून वर येणाऱ्या सूर्यावर ती रोखली गेली. गंमत अशी, की सूर्याच्या लहरी अँटेनाकडे दोन वाटांनी येतात. एक सरळ, दुसरी पाण्यावर आपटून. दोन्ही भेटतात तेव्हा कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. मी पडलो कलाशाखेचा बी.ए. आणि त्यातून गझलेच्या वाटेला गेलेला. मला हे शेरासारखं वाटतं. दोन ओळी सुट्या वाचल्या तर साध्याच, जवळ आल्या की त्यातून तिसरंच काही उमगतं. कागदावर वरखाली होणाऱ्या रेघेवरून उमगलं ते असं, की हा जोरदार रेडिओ-गोंगाट सगळ्या सूर्यबिंबातून येत नाही, डागांच्या भागातून येतो.

१९४७मध्ये मॅक्रेडी, पॉझी आणि पेन-स्कॉट या तिघांनी निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक वाट सुचवली होती. अशी प्रत्येक नोंद म्हणजे चित्राचा एकेक सूर. असे पुरेसे सूर गोळा केले, तर फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीने त्यांची बेरीज करून संपूर्ण चित्र उभं करता येईल. म्हणजे प्रचंड मोठी तबकडी बांधायला नको. दूरदूर ठेवलेल्या लहान अँटेना मिळून तिचं काम करतील. पुढे केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी या तत्त्वाला पूर्ण रूप दिलं आणि १९७४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही याच तत्त्वावर चालतात.

रूबीबाई तिथेच थांबल्या नाहीत. पॉट्स हिल इथे अ‍ॅलेक लिटल यांच्याबरोबर त्यांनी असं यंत्र उभारलं, की सूर्यावरचा स्फोट कुठून निघाला आणि कुठे सरकला हे सेकंदाला २५ वेळा टिपता यावं.

आणि नेमकं याच सुमारास कचेरीला एक शोध लागला. बाईंचं लग्न झालेलं आहे! १९४४मध्येच झालं होतं. त्यांनी ते कचेरीला कळवलं नव्हतं. कारण सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं, की तिची कायम नोकरी जायची, असा नियम होता. पुरुषाने केलं तर काही नाही. १९५०मध्ये त्यांची नेमणूक तात्पुरती झाली, पेन्शनचा हक्क गेला. संस्थेच्या अध्यक्षांशी त्या पत्रांतून भांडल्या. नियम हलला नाही. पुढच्या वर्षी दिवस गेले. बाळंतपणाची रजा ही चीजच नव्हती. राजीनामा दिला तेव्हा वय होतं एकोणचाळीस. कवीला या वयात कुठे सूर सापडू लागतो!

दोन वर्षांनी, १९५३मध्ये, गोविंद स्वरूप नावाचा भारतीय तरुण त्याच प्रयोगशाळेत शिकायला गेला. पॉट्स हिलवर क्रिस्टियान्सन यांनी उभारलेल्या बत्तीस छोट्या तबकड्या मोडीत निघणार होत्या. त्या स्वरूप यांच्या प्रयत्नाने भारताला भेट मिळाल्या आणि १९६५मध्ये आपल्या कल्याणला सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खोडदची दुर्बीणही पुढे स्वरूप यांनीच उभारली. रूबीबाईंची आणि त्यांची त्या प्रयोगशाळेतली गाठ दोन वर्षांनी हुकली.

ऑस्ट्रेलियातला तो नियम १९६६मध्ये रद्द झाला. रूबीबाई तेव्हा सिडनीत मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होत्या. १९७४पर्यंत त्या तिथेच होत्या.