बॅकला चार जण, म्हणजे बचाव झाला?

अहिल्यानगरचं वाडिया पार्क असो की तालुक्याच्या एखाद्या शाळेचं मैदान, शालेय फुटबॉल सामन्यात कडेनं एक आरोळी हमखास येते, 'अरे, बॉलवर जा!' सगळी पोरं बॉलवर धावतात, एका पासमध्ये मागे मोकळं रान होतं आणि गोल बसला की बोल लागतो स्टॉपरला, नाहीतर गोलीला.

बचाव हे मागच्या चौघांचं काम, हा सगळ्यात जुना गैरसमज. साधा हिशेब मांडा. आंतरराष्ट्रीय मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. चौघं सारख्या अंतरावर उभे राहिले तर एकेकाच्या वाट्याला १७ मीटर रुंदी येते. एवढी जागा एकट्यानं राखणं कुणालाच शक्य नाही. म्हणून चांगला संघ अख्खं मैदान राखायच्या फंदात पडत नाही, बॉल आणि गोल यांच्यामधली जागा राखतो. बॉल डाव्या कडेला गेला की अख्खी ओळ डावीकडे सरकते. पलीकडचा खेळाडू मोकळा राहतो, पण तिथवर उंच पास पोचेपर्यंत परत सरकायला वेळ मिळतो. फॉरवर्ड आणि हाफही सोबत सरकले तरच हे जमतं. १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप जिंकणाऱ्या मिलानचे प्रशिक्षक आरिगो साक्की पहिल्या फॉरवर्डपासून शेवटच्या बॅकपर्यंत जेमतेम २५ मीटर अंतर ठेवायला लावत.

आपल्या पोरांना हे कबड्डीतून ठाऊक असतं. चढाईवाल्यावर एकटा झेपावला तर गुण जातो. कोपरा आणि त्याच्या शेजारचा एकदम हलले तर पकड होते. कबड्डीत हात धरून साखळी करतात, फुटबॉलमध्ये त्या साखळीचे हात सुटलेले असतात, एवढंच.

दुसरा गैरसमज घसरून बॉल काढण्याच्या कौतुकातून येतो. घसरणारा चुकला तर तो जमिनीवर आणि फॉरवर्ड गोलकडे. समोरून बॉल घेऊन कुणी आला तर आधी वेग कमी करावा, अंग थोडं तिरकं ठेवावं, हात-दीड हात अंतर राखावं, आतली वाट अडवून त्याला कडेला ढकलावं. पाय घालायची घाई नको. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत सोबती पोचतो आणि मग बॉल काढणं सोपं होतं. प्रेक्षकांना यात काही घडलेलं दिसतच नाही. मला मात्र बचावातलं खरं कसब इथेच दिसतं.

तिसरा गैरसमज असा की गोलजवळ गर्दी केली की धोका टळला. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्यात भारतानं आशियाई विजेत्या कतारला ०-० असं रोखलं, तेही कर्णधार सुनील छेत्री नसताना. मागच्या फळीत मुंबईचा राहुल भेके, गोव्याचे आदिल खान आणि मंदार राव देसाई, शिवाय संदेश झिंगन. भारत खोल बसून खेळला. गोली गुरप्रीतसिंग संधूनं त्या दिवशी कमाल केली, ते श्रेय त्याचंच. पण ती नुसती गर्दी नव्हती, पुढचेही मागे येऊन राबले. कतारमध्येच, विश्वचषकात लुसैलच्या मैदानावर २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियानं नेमकं उलट केलं. ओळ पार पुढे आणली, अर्जेंटिनाला दहा वेळा ऑफसाइडमध्ये पकडलं, त्यांचे तीन गोल रद्द झाले आणि सामना २-१ असा जिंकला. खोल बसा किंवा पुढे या, दोन्ही चालतं. ओळींमधलं अंतर फाटलं की दोन्ही फसतं.

पुढे येणाऱ्या ओळीला ऑफसाइडचा नियम नीट माहीत हवा आणि घोळ इथेच जास्त होतो. पास सुटतो त्या क्षणी फॉरवर्ड प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात, बॉलच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल तरच तो ऑफसाइड जागी असतो. शेवटच्यांत गोलीही मोजला जातो. बरोबरीत असेल तर चालतं. चौघांपैकी एक जण दोन पावलं मागे रेंगाळला तर त्याच्यामुळे समोरचे सगळे वाचतात. शिवाय थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून बॉल थेट मिळाला तर ऑफसाइड नसतोच. म्हणून थ्रो-इनला हात वर करून पंचाकडे बघत राहणाऱ्या बॅकनं आधी आपला माणूस पकडावा.