इंजिनच्या तेलात पाणी

हंगामात ऊस वाहणारा जुना ट्रक एरवी दारातच उभा असतो. फार तर गावातल्या गावात फिरतो. अशा वेळी इंजिनात तेल घालायचे झाकण उघडले, की आत ताकासारखा पांढरट फेस दिसतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

एवढ्याने घाबरू नका. एक लिटर डिझेल जळले, की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून खाली तेलापर्यंत पोचते. इंजिन नीट तापलेच नाही, तर तीच थंड झाकणाला धरते.

मग ओळखायचे कसे? डिपस्टिक काढून पाहा. तेल नेहमीसारखे काळे आणि रेडिएटरचे पाणी जिथल्या तिथे असेल, तर तो नुसता दमटपणा. लांबच्या फेरीत उडून जाईल. पण डिपस्टिकवरचे तेलही दुधट असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट जळाले किंवा हेडला चीर गेली, असा संशय धरावा. तेलाचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. चरचरला, तर त्यात पाणी आहे.

मग मात्र इंजिन सुरू करू नका. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगला सांभाळत नाही, आणि गॅस्केटचा खर्च क्रँकपर्यंत जातो.